तळमजल्यावर काय ठेवायचं?

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचं पूर्ण नाव गावात सहसा कोणी उच्चारत नाही. सगळे ‘लोटिस्मा’ म्हणतात. संस्था १८६४ची. तेव्हा टिळक जेमतेम आठ वर्षांचे होते, म्हणजे वाचनालय आधीचं आणि नाव मागाहून लागलेलं. २६ जुलै २००५ला वाशिष्ठी नदी शहरात शिरली, तशी या वाचनालयातही शिरली. त्यातून सावरलेल्या या संस्थेनं २०१३ साली ८६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरवून दाखवलं. मग २२ जुलै २०२१ उजाडला. पाणी पुन्हा आत आलं, पुस्तकांचा पुन्हा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी टिळकांची जयंती होती.

लोटिस्मा पुन्हा उभं राहिलं. त्याबद्दल कौतुकाचे लेख पुष्कळ आले आणि ते योग्यच होतं. मला मात्र पनवेलात बसून वेगळीच गोष्ट सतावते. सोळा वर्षांत दोनदा पूर आल्यावर तिसरा येईल का, हा प्रश्नच उरत नाही. कधी येईल, एवढाच उरतो. मग आधी होतं तसंच सगळं पुन्हा मांडून ठेवणं म्हणजे तिसऱ्या पुराची पंगत वाढून ठेवणंच की.

यावर पहिला सल्ला ठरलेला असतो: वाचनालय उंचावर हलवा. बायपासजवळ भूखंड घ्या, चार मजली इमारत बांधा, पार्किंगही होईल. हा सल्ला देणारी माणसं बहुधा वाचनालयात जात नाहीत. कोकणातली जुनी गावं पाण्याकाठी वसली, कारण व्यापार पाण्यावरून चालायचा. चिपळूणला वाशिष्ठीची खाडी होती आणि आमचं पनवेलही खाडीवरचं बंदरच. बाजार बंदराजवळ, वस्ती बाजाराजवळ आणि वाचनालय वस्तीत. सकाळी दूध आणायला निघालेला निवृत्त माणूस वाटेत पेपर चाळतो, मंडईतून परतणारी बाई पिशवी खाली ठेवून कादंबरी बदलून घेते, शाळा सुटल्यावर पोरं पंख्याखाली अभ्यासाला बसतात. हे सगळं पायी अंतरावर चालतं. रिक्षा करून जावं लागलं की वर्षभरात सभासद निम्मे होतात. पूर काही वर्षांतून एकदा येतो, वाचक रोज येतो. म्हणून वाचनालय आहे तिथेच राहावं, असं माझं मत आहे.

त्याला कायद्याचीही एक बाजू आहे. नदीकाठच्या शहरांसाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक निर्बंध असतात. २०२१नंतर चिपळुणात या रेषांवरून रान उठलं, कारण जुन्या शहराचा मोठा भाग त्यांच्या आत जात होता. अशा ठिकाणची जुनी सार्वजनिक इमारत ‘आता काय, पाडूनच टाकू’ म्हणून पाडली, तर त्या जागी पुन्हा काही उभं करताना नाकी नऊ येतील. म्हणजे जुनी वास्तू दुरुस्त करणं हा हळवेपणा नव्हे. त्यात रोखठोक हिशेब आहे.

दुरुस्ती मात्र घाईनं बिघडते. जांभ्याची भिंत आणि चुन्याचा गिलावा पाणी पितात आणि सावकाश सोडतात. पुरानंतर भिंत वरून कोरडी दिसली, तरी आतलं पाणी निघायला महिने लागतात. पण गणपती तोंडावर असतात, आमदारांच्या हस्ते पुनःउद्घाटन ठरलेलं असतं आणि ठेकेदार ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारून वर प्लास्टिक पेंट लावतो. आतलं पाणी कोंडतं. पुढच्या पावसाळ्याआधीच रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुटतो. त्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटातल्या पुस्तकांना पूर न येताच बुरशी धरते. अशा इमारतीत खराब गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवायची, दारं-खिडक्या सताड उघडायच्या, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे घ्यायची आणि एक उन्हाळा जाऊ द्यायचा. मग पुन्हा चुनाच. विजेचे बोर्ड मात्र पुराच्या खुणेच्या वर, वायरिंग छताकडून खाली. यातलं काहीच महागडं नाही. महाग पडतो तो धीर, कारण वर्षभर उघड्या भिंतींचं वाचनालय पाहून लोक ‘समिती झोपली आहे काय?’ असं विचारतात.

आता पुस्तकांकडे येऊ. भिजलेलं पुस्तक फुगतं. गच्च भरलेल्या फळीवर सगळी एकदमच फुगतात, तेव्हा ती एकमेकांत अशी आवळून बसतात की एकही ओढून निघत नाही. लोखंडी रॅकच्या बाजू बाहेर फुगतात, सागवानी कपाटाची दारं चौकटीत रुतून बसतात आणि शेवटी पहारीनं उचकटावी लागतात. जोर लावून ओढलं तर पुठ्ठा हातात येतो आणि पानं फळीवरच राहतात. गुळगुळीत कागदावर छापलेली चित्रांची पुस्तकं सुकली की विटेसारखी घट्ट होतात, ती पुन्हा उघडत नाहीत. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि कोकणातल्या जुलैमध्ये तर ती वाट पाहत बसलेलीच असते. चांगल्या मनाची माणसं अशा वेळी पुस्तकं उन्हात पसरतात, पानं एकेक करून सोडवायला जातात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. पुस्तक मिटलेलंच ठेवून स्वच्छ पाण्यात चिखल धुवायचा, मध्ये कोरे शोषक कागद घालायचे आणि पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत सुकवायचं, ही खरी रीत. पण ही रीत शंभर पुस्तकांना पुरते. हजारोंना पुरत नाही.

फ्लोरेन्समध्ये ४ नोव्हेंबर १९६६ला आर्नो नदी शहरात घुसली आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातले दहा लाखांहून अधिक ग्रंथ आणि कागद भिजले. देशोदेशीचे तरुण तळघरांतून रांग लावून हातोहात पुस्तकं वर काढत होते. सुकवायला जागा पुरेना, तेव्हा ग्रंथ तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांत नेले. आज ग्रंथसंवर्धन म्हणून जी विद्या शिकवली जाते, तिचा बराच भाग त्या चिखलातून वर आला. डागडुजी पुढे कित्येक दशकं चालू राहिली. मला यात त्या भट्ट्या फार महत्त्वाच्या वाटतात. हाताशी जे आहे ते वापरायला तिथली माणसं लाजली नाहीत.

आपल्या हाताशी काय आहे? पनवेलपुरतं सांगायचं, तर तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतली मासळीची शीतगृहं. भिजलेलं पुस्तक उणे अठरा-वीस अंशांवर गोठवलं की बुरशी थांबते आणि दोन दिवसांची मुदत कित्येक महिन्यांची होते. मग सवडीनं, थोडी थोडी काढून सुकवता येतात. कोळंबीच्या शेजारी ज्ञानकोशाचे खंड ही कल्पना हसण्यासारखी आहे खरी; पण प्लास्टिकच्या क्रेट, कोरा कागद आणि कोल्ड स्टोरेजवाल्याशी आधीच केलेलं बोलणं एवढ्यावर काम भागतं. ‘आधीच’ हे महत्त्वाचं. पूर आल्यावर फोन लागत नाहीत आणि रस्ते बंद असतात.

गोठवायचं तरी काय काय? सगळं वाचत नाही, हे एकदा मान्य करावं लागतं आणि ग्रंथप्रेमी नेमके इथेच अडतात. ‘मृत्युंजय’ किंवा ‘ययाति’ची भिजलेली प्रत टाकून द्यावी, दुकानात उद्या नवी मिळते. जे दुसरीकडे मिळत नाही तेच उचलायचं: गावातल्या कुणी दिलेल्या पोथ्या, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांच्या फाइली, नगरपालिकेचे जुने अहवाल, शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकांचे बांधीव खंड. आणि या सगळ्यांच्या आधी दाखल नोंदवही. तिच्यात प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक असतो, कधी आलं, कुठून आलं, काय किमतीला घेतलं ते असतं. ती गेली तर काय गेलं हेही कळत नाही. शंभर-दीडशे वर्षं एक गाव काय वाचायचं ठरवत आलं, याचा दुसरा पुरावा कुठेच नसतो. तिची पानं मोबाइलवर फोटो काढून तीन ठिकाणी ठेवायला एक रविवार पुरतो. किती वाचनालयांनी तो रविवार काढला आहे?

पुरानंतर पुस्तकांच्या देणग्यांचा दुसरा पूर येतो. २०१९मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या नगर वाचनालयात शिरलं, २०२१मध्ये चिपळुणात. दोन्ही वेळा पुस्तकं पाठवा, अशी हाक महाराष्ट्रभर गेली. हेतूबद्दल शंका नाही. पण आपण घरातलं काय पाठवतो ते आठवून बघा. जुनी गाइडं, लग्नात भेट आलेली चरित्रं, एकाच कादंबरीच्या डझनभर प्रती. ते निवडायला, नोंदवायला, लावायला पुन्हा माणसंच लागतात आणि ती आधीच चिखल उपसून थकलेली असतात. त्यापेक्षा पुस्तकाच्या किमतीएवढे पैसे द्यावेत किंवा सुट्टी टाकून दोन दिवस हातमोजे घालून यावं. माझं हे मत काही देणगीदारांना झोंबतं, त्याला इलाज नाही.

मजल्यांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. दुर्मिळ ते वर, रोजचं ते खाली, असं म्हणायला सोपं. जुन्या इमारतीचा वरचा मजला लाकडी तुळयांवर असेल, तर तो पुस्तकांनी भरलेले रॅक पेलेलच असं नाही. ग्रंथांच्या दालनासाठी जमिनीवर घराच्या किमान तिप्पट भार धरतात. म्हणजे आधी अभियंता, मग कपाटं. शिवाय वाचनालयाचे निष्ठावंत वाचक सत्तरीच्या पुढचे. त्यांना जिना चढायला लावणं म्हणजे त्यांना घरी बसवणं. म्हणून तळमजला वाचकांचा ठेवावा: वर्तमानपत्रं, बालविभाग, नव्या कादंबऱ्या, हलकी टेबलं, धुता येणारी फरशी. जुना खंड हवा असेल तर चिठ्ठी द्यावी आणि पुस्तकानं खाली यावं. यात हाताला लागेल ते चाळत उभं राहण्याची मजा जाते. मला ती गमावणं आवडत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही.

पैशाचं एका ओळीत सांगतो: १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गवारीनं मिळणारं अनुदान वर्षाचा पगार आणि पुस्तकखरेदी यांतच संपतं. पूरदुरुस्ती गावालाच करावी लागते.

पनवेलला हे सगळं दूरचं वाटू शकतं. मुंबई-गोवा महामार्ग आमच्या दारातून सुरू होतो, चिपळूण त्यावर पुढे कुठेतरी. पण माथेरानच्या डोंगरातून येणाऱ्या गाढी नदीनं २००५च्या त्याच दिवशी पनवेललाही बुडवलं होतं. त्यानंतर पश्चिमेला विमानतळासाठी प्रचंड भराव झाला, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, भातखाचरांवर वसाहती आल्या. आमच्या आजोबांना ठाऊक असलेल्या पुराच्या खुणा आता भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. चिपळुणात निदान कोळकेवाडी धरणातून सुटलेल्या कोयनेच्या पाण्यावर जाहीर वाद तरी झाला. आम्ही अजून पाणी कुठून येईल याचाही नीट वाद घातलेला नाही.

के. गो. लिमये सार्वजनिक ग्रंथालयासारख्या आमच्या संस्थांच्या पुढच्या वार्षिक सभेत हिशेब मंजूर झाल्यावर आयत्या वेळचे विषय येतील. तेव्हा मला एवढंच विचारायचं आहे: जुलैतल्या रात्री दोन वाजता पाणी चढू लागलं, तर नोंदवही कोणत्या कपाटात आहे, ती उचलायला कोण जाणार, आणि त्याच्या घरी दाराची किल्ली आहे का?