वस्तादाचा देव, शिष्याची विद्या

मागच्या आठवड्यात संग्रामपूरच्या बसस्थानकावर एक ओळखीचे गृहस्थ भेटले. ते सातपुड्याच्या पायथ्याच्या, तालुक्यातल्याच एका गावचे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं कराटेचा एकच क्लास आहे. त्यांची मुलगी सातवीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत हट्ट धरून तिनं क्लास लावला, पांढरा ड्रेस मागवून घेतला, रात्री तो उशाशी घेऊन झोपली. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी सहा वाजता क्लास भरतो. सुरुवातीला सर सगळ्यांकडून मारुतीस्तोत्र म्हणून घेतात, मग मुठी वर करून जयघोष, आणि त्यानंतर वॉर्मअप.

मुलगी बौद्ध घरातली. ती ओळीत नीट उभी राहायची, हात मात्र जोडायची नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "काहून, तुले हात जोडाले काय झालं?" ती काही बोलली नाही. सर म्हणाले, "गुरूचं जो ऐकत नाही त्याले विद्या येत नसते." त्या दिवशी तासभर तिला ओळीबाहेर उभं केलं. बाकीची पोरं पंच मारत होती आणि ती बघत होती. दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही.

बाप शांतपणे सांगत होता. राग नव्हता, अडचण होती. म्हणाला, "भाऊ, मी तिले काय सांगू? हात जोड म्हणू, का क्लास सोड म्हणू?"

बस आली आणि ते गेले. त्यांना तिथं उत्तर देता आलं नाही. ते आज देतो आहे.

आधी माझं सांगतो. मी मारुतीचा भक्त आहे. लहानपणी ज्या आखाड्यात जोर-बैठका मारल्या, त्याच्या शेजारीच शेंदूर लावलेला मारुती होता. आमचा वऱ्हाड काळ्या मातीचा. ती भिजली की पायाला चिकटते, वाळली की दगड होते, तीत कुस्ती होत नाही. म्हणून हौद्यासाठी हलकी माती बैलगाडीनं बाहेरून आणायची. तीत हळद, ताक, तेल, लिंबाचा रस घालून आम्ही पोरं ती पायानं तुडवायचो. हौद्यातून आलेल्या अंगाला जो वास यायचा तो अजून आठवतो.

आमचे वस्ताद मुसलमान होते. शनिवारी नारळ आम्ही फोडायचो आणि खोबऱ्याचा तुकडा वस्ताद आमच्या हातून घेऊन खायचे. मातीत उतरताना तेही चिमूटभर माती कपाळाला लावायचे, ओठ किंचित हलायचे. ते काय म्हणतात हे मी कधी विचारलं नाही आणि आम्ही काय म्हणतो हे त्यांनी कधी विचारलं नाही. कान मात्र पिळायचे, तोही फक्त पट काढताना मान खाली गेली तर.

त्या हौद्यातले शब्द आज मनात मांडून बघतो. वस्ताद हा उस्ताद. तालीम म्हणजे अरबीत शिक्षण. पैलवान फारसी, जोर फारसी, खुराक फारसी, कुस्तीआधीची सलामी अरबी, आणि हौदाही तिकडूनच आलेला. लंगोट, दंड, बैठक, मुद्गल आपल्याकडचे. कलाजंग या एका डावात कला इकडची आणि जंग तिकडची. कोणी समिती नेमून ही भाषा बनवली नाही. दोन्हीकडची अंगं एका मातीत लोळली आणि शब्द एकमेकांना चिकटले.

तो आखाडा निर्मळ होता असं मात्र मी म्हणणार नाही. दलितांच्या पोरांना कितीतरी गावांत हौद्याच्या कडेलाही उभं राहू देत नसत. मारुती ब्रह्मचारी, म्हणून बाईची सावली नको, हे तर सगळीकडेच चालायचं. त्यातली एकही गोष्ट माझ्या मारुतीनं सांगितलेली नव्हती. ती माणसांनी सांगितली आणि त्याच्या नावावर खपवली. महाराष्ट्र केसरीची महिलांची पहिली स्पर्धा व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं. सांगलीत झालेल्या त्या स्पर्धेची गदा प्रतीक्षा बागडीनं जिंकली. इतकी वर्षं किती पोरींचं बळ चुलीपुढं गेलं असेल याचा विचार केला की मला झोप लागत नाही. देवाच्या नावानं आखाड्याचं दार एकदा बंद केलं की ते उघडायला पिढ्या लागतात. म्हणून त्या मैदानावरची गोष्ट मला लहान वाटत नाही.

आता बडोद्याचं एक उदाहरण सांगतो. तिथं मराठी घरातले राजरत्न प्रोफेसर माणिकराव होऊन गेले. व्यायाम, लाठी, जंबिया आणि शिस्तीच्या कवायतीत देशभर मान मिळालेला माणूस. ते जुम्मादादा नावाच्या मुसलमान वस्तादांचे शिष्य. गुरूंच्या नावानं माणिकरावांचा आखाडा ओळखला गेला, तो श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर म्हणून. हे नाव एकदा मोठ्यानं म्हणून बघा. जुम्मा आणि मंदिर हे दोन शब्द एका पाटीवर शेजारी बसले आहेत आणि कोणाचं काही बिघडलेलं नाही. गुरूनं शिष्याचा धर्म बदलला नाही, शिष्यानं गुरूचं नाव बदललं नाही. दोघांच्या मध्ये विद्या होती, तिच्यात दोघांनी काही मिसळलं नाही.

आपल्या जवळचंही आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चाललं आहे. वैद्य बंधूंनी ते उभं केलं. राजगुरू तिथं शिकून गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवले. नाव हनुमानाचं आहे आणि ते असावं. नाव हे वस्तादाच्या श्रद्धेचं चिन्ह असतं. त्याला माझी हरकत नाही, उलट प्रेम आहे. हरकत सुरू होते ती श्रद्धा प्रवेशाची फी होते तिथं.

आणि शेगाव तर आपलं घरचंच. गजानन महाराजांच्या पोथीचं पारायण या तालुक्यात घरोघर होतं. तिच्यातली हरी पाटलाची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस इथं सापडणं कठीण. पाटलांचं तरणंबांड पोर, अंगात रग. महाराजांना म्हणालं, कुस्ती खेळ. महाराज खाली बसले आणि मला उठव म्हणाले. हरीनं सगळं बळ लावलं, डाव लावले, घाम आला, महाराज जागचे हलले नाहीत. आपण ही गोष्ट चमत्कार म्हणून ऐकतो आणि ऐकावीही. पण कित्येक पारायणांनंतर माझं लक्ष तिच्यातल्या क्रमाकडे गेलं. हरी पाटील नमस्कार करायला आला नव्हता, जिरवायला आला होता. महाराजांनी त्याला आधी हात जोड असं म्हटलं नाही. टिंगल करायला आलेल्या पोरालाही त्यांनी समोर घेतलं. आधी कुस्ती झाली. आदर मागून आला आणि तो हरीच्या आतून आला. ज्यांच्या समोर लाखो लोक वाकतात त्यांनी वाकण्याची अट घातली नाही. मग शाळेच्या मैदानावर बारा वर्षांच्या पोरीला ती अट घालणारे आपण कोण?

हे कराटे, ज्युडो, लाठी, कुस्ती शिकवणाऱ्यांनाच एवढ्या गांभीर्यानं का सांगायचं, असं कोणी विचारील. गणिताच्या तासालाही काही ठिकाणी प्रार्थना होतेच की. फरक आहे. गणिताच्या मास्तरला पोरगं प्रश्न विचारू शकतं. लढाईची विद्या शिकवताना हुकूम आणि हालचाल यांच्यामध्ये विचाराला जागा ठेवत नाहीत, ठेवून चालतही नाही. सर ओरडले की पाय मागे गेला पाहिजे, हात वर आला पाहिजे. शंभर वेळा, हजार वेळा, अंगवळणी पडेपर्यंत. ही शिकवण्याची रीतच आहे आणि ती बरोबर आहे. पण म्हणूनच त्या हुकमाबरोबर जे काही पोराच्या आत सरकवलं जातं, ते तपासलं न जाता जातं. पंचाबरोबर जयघोष गेला की पुढं जयघोष आला की मूठ वळते. कोणावर वळते हे त्या पोराला आपण शिकवलेलं नसतं. आज स्तोत्र म्हणून घेणाऱ्या सरांच्या मनात असं काही नसेल, मी त्यांना तसा दोष देत नाही. पण मुठीला आणि घोषणेला एकदा जोडून दिलं की ती जोडी पुढं कोण कशी वापरील हे सरांच्या हातात राहत नाही.

श्रद्धा आणि डावपेच यांचं दुसऱ्या तऱ्हेनं मिसळणंही पाहिलं आहे. मंत्रानं अंगात बळ येतं, ताईत असला की काठी लागत नाही, असं सांगणारे वस्ताद अजून भेटतात. १९०० साली चीनमध्ये बॉक्सर म्हणून ओळखले गेलेले हजारो शेतकरी तरुण मुष्टियुद्धाचे हात करत, मंत्र म्हणत, अंगात देव आणून बंदुकीपुढं गेले. गोळी आपल्याला लागत नाही असं त्यांच्या गुरूंनी त्यांना पटवलं होतं. गोळी लागली. जी विद्या जीव वाचवण्यासाठी आहे तिच्यात असली खोटी हमी मिसळणं म्हणजे शिष्याचा जीव धोक्यात घालणं आहे. मारुती माझ्या मनाला धीर देतो, ब्लॉक माझ्या हातालाच शिकावा लागतो.

जिथं शस्त्र आणि धर्म मुळातच एक आहेत अशीही ठिकाणं आहेत. नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात होला मोहल्ल्याच्या सणाला शिखांची शस्त्रविद्या गतका खेळताना पाहा, अंगावर काटा येतो. तिथं तलवारीचं फिरणं हाच भक्तीचा भाग आहे. तिथं जाणारा जाणून जातो. तोच गतका २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आला तेव्हा तिथं गुण होते, पंच होते, आणि खेळाडूला त्याची श्रद्धा कोणी विचारत नव्हतं. गुरुद्वारा वेगळा आणि मैदान वेगळं हे ज्यांची ती परंपरा आहे त्यांनाही मान्य झालं. जपानमध्ये आयकिदो घडवणारे मोरिहेई उएशिबा ओमोतो पंथाचे निष्ठावंत होते, त्यांच्या बोलण्यात तो पंथ सतत यायचा. पण आज जगभर आयकिदो शिकणाऱ्यांवर त्या पंथाची सक्ती नाही.

आणि शाळेचं मैदान म्हटलं की राज्यघटनेचं २८ वं कलम येतंच. पूर्ण सरकारी पैशानं चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत धार्मिक उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. त्या बापानं संमती दिली नव्हती. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

त्या घरात हात न जोडण्यामागं काय आहे तेही समजून घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या पोरीच्या आजोबांच्या पिढीनं त्या घेतल्या आणि पाळल्या. तुमच्या आईनं एकादशी धरावी तितक्याच निष्ठेनं त्यांनी देवपूजा सोडली. तिचे हात बाजूला होते ती उद्धटपणाची खूण नव्हती, घरचा नेम होता. आणखी एक सांगतो. कराटेचे मास्तर आपल्या विद्येची कुळकथा सांगताना शाओलिनच्या मठापर्यंत, बोधिधर्म या बौद्ध भिक्खूपर्यंत जातात. अभ्यासकांना ती कथा इतिहास म्हणून मान्य नाही, पण क्लासात ती सांगतात. उद्या एखाद्या वस्तादानं बोधिधर्माला वंदन केल्याशिवाय पंच शिकवणार नाही असं म्हटलं, तर माझ्यासारख्या मारुतीच्या भक्तानं आपल्या पोराला काय सांगावं? त्या बापाचा प्रश्न मग माझ्या दारात येतो.

म्हणून त्यांना माझं उत्तर असं. पोरीला हात जोड म्हणू नका आणि क्लास सोड असंही म्हणू नका. ती जिथं उभी होती तिथं ती बरोबर उभी होती. सरांकडे तुम्ही एकटे जाऊ नका, मी येतो. गावातली मारुतीला नारळ वाहणारी चार माणसंही येतील, कारण हे काम आधी आमचं आहे.

आणि सर, तुम्हालाही हात जोडून विनंती. स्तोत्र तुम्ही जरूर म्हणा, क्लासच्या आधी मारुतीच्या पारावर म्हणा, ज्या पोरांना यायचं ती येतील, मीही येईन. मैदानावर मात्र सुरुवातीला एक मिनिट शांत उभं राहू द्या. ज्याला जे आठवायचं ते तो आठवील. नंतर एकमेकांना वाकून सलामी द्या, ती तर तुमच्या विद्येतच आहे आणि त्या सलामीला त्या पोरीनं कधी नकार दिलेला नाही.

ती लोअर ब्लॉकपर्यंत आली होती. तिचे वडील सांगत होते, पांढरा ड्रेस घालून संध्याकाळी सहा वाजता ती अंगणात तेवढाच एक ब्लॉक करत राहते, पुढचं तिला कोणी शिकवलेलं नाही. सोमवारी तिला बोलावून घ्या.