वचनावाचून साक्ष



दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळ सेंट जेम्स चर्च आहे. कर्नल जेम्स स्किनर याने बांधविलेल्या या घुमटाच्या उपासनामंदिराचे समर्पण १८३६ साली झाले. इतिहासाची आवड असणारे पाहुणे स्किनरच्या कबरीसाठी येथे येतात. मला मात्र या मंदिरात गेले की अशा एका माणसाची आठवण होते, जो उपासनेसाठी आलाच नव्हता. केवळ कुतूहलापोटी आत डोकावला होता.

त्यांचे नाव मास्टर रामचंद्र. जन्म १८२१ सालचा, पानिपतचा; कुळ कायस्थ. दिल्ली कॉलेजात ते उर्दू माध्यमातून गणित व विज्ञान शिकवीत. १८५० साली कलकत्त्यात छापलेला त्यांचा गणितावरील इंग्रजी ग्रंथ ऑगस्टस डी मॉर्गन या विख्यात गणितज्ञाच्या इतका मनास आला की, १८५९ साली त्याने तो लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करविला. अशा बुद्धिमान तरुणाची त्या काळी एक पक्की समजूत होती. शिकलेले इंग्रज धर्मबिर्म काही मनापासून मानीत नसावेत, ते सारे अडाण्यांसाठी असावे, असे त्यांना वाटे. मग एकदा ते या चर्चमध्ये गेले. पाहतात तो, ज्यांच्या विद्वत्तेविषयी त्यांना आदर होता असे काही इंग्रज गृहस्थ गुडघे टेकून अत्यंत भक्तिभावाने प्रार्थना करीत होते. आपली समजूत तेथेच ढासळली आणि पवित्र शास्त्र वाचण्याची इच्छा झाली, असे रामचंद्रांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ११ जुलै १८५२ रोजी याच मंदिरात त्यांचा व त्यांचे मित्र डॉ. चमनलाल यांचा बाप्तिस्मा झाला आणि सारे शहर ढवळून निघाले.

त्या दिवशी चर्चमध्ये प्रवचन झाले असेल, गीतेही झाली असतील. रामचंद्रांनी नोंद केली ती टेकलेल्या गुडघ्यांची. ज्यांचे ते गुडघे, त्यांना आपल्याला कोणी पाहत आहे याची जाणीवही नसावी.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू आपल्याला एका पेचात टाकतो. मत्तय ५:१६ मध्ये तो सांगतो की, लोकांनी आपली सत्कर्मे पाहावीत व स्वर्गीय पित्याचे गौरव करावे. आणि लगेच पुढच्या अध्यायाच्या आरंभी बजावतो की, लोकांना दिसावे या हेतूने धर्माचरण करू नका. मग दिसावे की दिसू नये? मूळ ग्रीक भाषेकडे वळले की पेच थोडा सैल होतो. सहाव्या अध्यायातील ‘दिसावे’ या अर्थाचा शब्द ज्या मुळापासून आला आहे, त्याच मुळापासून ‘थिएटर’ हा शब्द आला. तेथे प्रभू नाटकाविषयी बोलत आहे. पाचव्या अध्यायात सत्कर्मांसाठी ‘कालोस’ हे विशेषण येते, आणि त्यात चांगले व सुंदर हे दोन्ही अर्थ नांदतात. भाषांतर करणाऱ्याला एकच शब्द निवडावा लागतो, म्हणून आपण ‘चांगली’ म्हणतो आणि सौंदर्य वाटेत सांडते. प्रार्थना करणाऱ्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून रामचंद्रांकडे पाहिले असते, तर ते थिएटर झाले असते.

आपल्या महाराष्ट्राला हा अनुभव अनोळखी नाही. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनींकडे राहत असता त्यांना लंडनमधील फुलहॅमचे आश्रयगृह पाहावयास मिळाले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथील भगिनी मायेने सेवा करीत. असे काही रमाबाईंनी स्वदेशी पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोठ्या प्रामाणिकपणे लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपणाला उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त अद्याप सापडावयाचा होता. भगिनींच्या प्रेमाने त्यांना विहिरीपर्यंत आणले. जिवंत पाणी द्यावयाचे ते प्रभूनेच.

रामचंद्रांची गोष्ट आपण बहुधा बाप्तिस्म्याशी थांबवतो. आपल्या मासिकांतून अशा कथा तेथेच संपतात, आणि ते मला बरे वाटत नाही. ११ मे १८५७ रोजी डॉ. चमनलाल बंडवाल्यांच्या हातून मारले गेले. बाप्तिस्मा देणारे पाद्री जेनिंग्ज हेही त्याच दिवशी पडले. रामचंद्र लपून, निसटून वाचले. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर ते शहरात आले. आता भय संपले असे त्यांना वाटले असेल. परंतु १८५८ साली त्यांनाच लष्करी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागली. इंग्रज अंमलदार त्यांच्या घरावर मारा करीत. भर रस्त्यात एकाने त्यांच्या डोक्यावर काठी हाणली. मी ख्रिस्ती आहे, असे त्यांनी सांगितले, तर उत्तरात त्यांच्या काळ्या कातडीचा उद्धार झाला. त्या तक्रारीतील एक विचार काळजाला घरे पाडतो. बंडवाल्यांकडून जीव धोक्यात होता तेव्हा ख्रिस्तासाठी सोसतो आहोत हे समाधान तरी होते. ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांकडूनच धोका असता ते समाधानही उरत नाही, असा त्याचा आशय आहे.

पाहा, गुडघे टेकणारेही इंग्रज आणि काठी उगारणारेही इंग्रज. रामचंद्रांनी दोन्ही पाहिले. आपल्यामुळे परराष्ट्रीयांत देवाच्या नावाची निंदा होते, हे पौलाने रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात यहूद्यांना ऐकविले. दिल्लीत ते आपल्याला लागू पडले. तरीही रामचंद्र १८८० साली मरेपर्यंत ख्रिस्ती राहिले. का? मला वाटते, प्रार्थना करणाऱ्यांना पाहून ते त्यांच्यापाशीच थबकले नाहीत. त्यांनी नवा करार हाती घेतला. ज्याच्यापुढे ते गुडघे टेकले होते, त्याचा त्यांनी शोध केला. म्हणूनच माणसांनी काठी हाणली तेव्हा त्यांचा विश्वास माणसांबरोबर कोसळला नाही.

पेत्राने आपले पहिले पत्र पांगलेल्या, परदेशी होऊन राहिलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते विशेष जवळचे वाटावे. ३:१ मध्ये तो शब्दावर गोड खेळ करतो: जे वचन मानीत नाहीत, ते पत्नीच्या वागणुकीने वचनावाचून मिळविले जावेत. मुळात दोन्ही ठिकाणी ‘लोगोस’ हाच शब्द आहे. आणि २:१२ व ३:२ मध्ये ‘पाहणे’ यासाठी जे क्रियापद आले आहे, ते नव्या करारात या दोनच ठिकाणी आढळते. त्याचा अर्थ ओझरती नजर टाकणे नव्हे, तर बारकाईने निरखणे. शेजारी आपल्याला असे निरखतात.

दिल्ली, नोएडा, गुडगावच्या मोठमोठ्या वसाहतींत पुष्कळदा सबंध इमारतीत आपले एकच ख्रिस्ती कुटुंब असते. डिसेंबरात आपण सज्जात नाताळचा तारा लावतो, तो सर्वांना दिसतो. त्याच फाटकाशी जानेवारीच्या धुक्यात शेगडीवर हात शेकत बसलेल्या चौकीदाराला आपण कोणत्या सुरात हाक मारतो, तेही दिसते. कामवाली बाई आजारी पडली तर तिचा पगार कापतो की नाही, हे तिला ठाऊक असते आणि तिच्या वस्तीला ठाऊक असते. आणि मंडळ्यांच्या मालमत्तेचे खटले! पाळक विरुद्ध पंच, भाऊ विरुद्ध भाऊ. कोर्टाचा कारकून आपली पवित्र शास्त्रातली नावे एकामागून एक पुकारतो. त्या बिचाऱ्याने शुभवर्तमान कधी उघडले नसेल. तो आपल्यालाच वाचतो आहे.

परंतु ‘वचनावाचून’ म्हणजे मुके राहणे, असा अर्थ कोणी काढू नये. तोच पेत्र त्याच अध्यायात, ३:१५ मध्ये, आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सिद्ध राहा असे सांगतो. प्रश्न आधी, उत्तर नंतर. फुलहॅममध्ये रमाबाईंनी विचारले, आणि भगिनींजवळ योहानाचा चौथा अध्याय तयार होता. उद्या शेजारच्या शर्माजींनी जिन्यात थांबून विचारलेच, तर त्यांच्या हाती देण्यास आपल्या घरी काय आहे? कपाटात मराठी पवित्र शास्त्राच्या तीन प्रती असतील, एखादी इंग्रजीही असेल. त्यांना वाचता येईल असे हिंदी शुभवर्तमान आहे काय?