“मले कुठी माहीत होतं?”



असोद्याच्या एका तरुणाने दोघा मित्रांसोबत भागीत होडी घेतली, हतनूर धरणाच्या पाण्यात मासेमारी करायला. होडीच्या मागे लावायचे मशीन जुनेच, पण बटणावर सुरू होणारे. त्याला बारा व्होल्टची बॅटरी पहिल्यांदाच जोडायची होती. हौसेने त्याने मलाही काठावर बोलावले.

काम दोन तारांचे. लाल तार बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. पण उन्हाने तारांचे रंग उडाले होते. त्याने अंदाजाने जोडल्या. ठिणगी उडाली, जळका वास आला. तारा उलट लागल्या होत्या. मशीनमधले डायोड क्षणात जळाले.

तो रडवेला होऊन म्हणाला, “मले कुठी माहीत होतं, फादर?”

‘माहीत नव्हते’ एवढ्याने माणूस दोषमुक्त होतो का? बॅटरी हेतू पाहत नाही. माणसाने मात्र तो पाहिला पाहिजे. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा दाखला ॲरिस्टॉटल देतो. का? गुन्हा करताना भान नव्हते हे खरे, पण ते भान त्यानेच घालवले होते. संत थॉमस अक्वायनसही हाच भेद करतात : जे अज्ञान दूर करणे आपल्याला शक्य होते आणि आपले कर्तव्यही होते, त्याचा दोष आपल्याकडे येतो.

वीस पावलांवर एक भोई आबा जाळे विणत बसले होते. अशी मशीने त्यांच्या हातांखालून गेलेली. पोराला विचारायची लाज वाटली. नंतर आबांनीच समजावले : “आधी लाल, मग काळी. काढताना आधी काळी. काळी आधी जोडली, की मशीनचे सगळे लोखंड उणे टोकाला जोडले जाते. मग लाल आवळताना पाना लोखंडाला टेकला की ठिणगी. आणि लाल तारेवर, बॅटरीजवळ फ्यूज हवाच.”

याच असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांना अडाणी कोण म्हणेल? अक्षर न येणे हे अज्ञान नव्हे. जवळ जाणता माणूस असून न विचारणे, हे अज्ञान.

आता माझी गोष्ट. तारा उलट जात आहेत, अशी शंका मला आली होती. ‘आपल्याला यातले काय कळते?’ म्हणून मी गप्प राहिलो. खरे तर चूक निघाली तर हसे होईल, ही भीती होती. त्याची लाज आणि माझी लाज एकच. फरक इतकाच, की त्याला शंकाही आली नव्हती; मला आली होती. मग अधिक दोषी कोण?

दुरुस्तीच्या खर्चात मी माझा वाटा उचलला. तो “नको, फादर” म्हणत राहिला. मी म्हटले, “हे दान नाही रे, देणे आहे.”

दुसऱ्यांदा बॅटरी जोडताना त्याने आधी आबांना हाक मारली.