द्रव्य, विधी आणि अधिकार : ओलोलिउकी वेलीचा प्रश्न

एखादी वनस्पती पवित्र मानली जाते तेव्हा ते पावित्र्य तिच्या द्रव्यात असते, की तिच्याभोवती रूढ झालेल्या विधीत, हा धर्मविचारातील जुना प्रश्न असून मेक्सिकोतील ‘ओलोलिउकी’ ही रानवेल त्याची चांगली कसोटी घेते. रताळे आणि गणेशवेल ज्या कुळात मोडतात त्याच कुळातील ही बहुवर्षायू वेल. पाने हृदयाकृती, फुले पांढरी व कर्ण्याच्या आकाराची, आणि फळात एकच गोलसर तपकिरी बी. वनस्पतिशास्त्रात तिला टर्बिना कोरिम्बोसा म्हणतात.

स्पॅनिश राजवटीत अतेनांगो येथे पाद्री असलेल्या एर्नान्दो रुइस दे आलार्कोन याने 1629 साली स्थानिक श्रद्धांविषयी जो ग्रंथ पूर्ण केला, त्यात या बीची हकिगत सविस्तर आली आहे. आजाराचे कारण किंवा हरवलेल्या वस्तूचा ठावठिकाणा जाणण्यासाठी तेथील नाहुआ लोक तिला कौल लावीत, बिया लहान टोपल्यांत जपून ठेवीत आणि त्या टोपल्या घराण्यात वारशाने चालत. आलार्कोनने बिया जप्त करून जाळल्या. परंतु बीत काही सामर्थ्य वसते, या मुद्द्यावर त्याचे आणि भक्तांचे एकमतच होते. भक्त त्याला देवता म्हणत आणि तो सैतान म्हणे, एवढाच काय तो फरक.

विसाव्या शतकात हेच सामर्थ्य रसायनशास्त्राने रेणूत शोधले. स्विस रसायनज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी 1960 साली जाहीर केले की या बियांत लायसर्जिक आम्लाची अमाइडे, म्हणजे मनोव्यापारांवर परिणाम करणारी द्रव्ये, आहेत. मात्र अशी द्रव्ये तोवर केवळ बुरशीत आढळली असल्याने अनेक सहकाऱ्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे वेलीच्या पानांवर वाढणारी आणि बीतून पुढच्या पिढीत उतरणारी एक सहजीवी बुरशी सापडली, तिला 2011 साली ‘पेरिग्लँड्युला’ हे नाव मिळाले, आणि ही द्रव्ये वेलीची नसून बुरशीची असल्याचे स्पष्ट झाले. बीत वसणारी देवता अशा रीतीने आधी रेणूत आणि मग बुरशीत सरकली, तरी ‘पावित्र्य द्रव्यातच असते’ हे गृहीतक मात्र कोणी तपासले नाही.

ते तपासण्याचे साधन पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदविहित कर्माचा विचार करणाऱ्या दर्शनात, मिळते. सोमवल्ली न मिळाल्यास पूतीक नावाची वनस्पती घ्यावी, या विधानाच्या निमित्ताने जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात ‘प्रतिनिधी’ची, म्हणजे विहित द्रव्याऐवजी घ्यावयाच्या पर्यायाची, चर्चा येते, तिचा निष्कर्ष असा की द्रव्याला प्रतिनिधी चालतो, परंतु देवता, अग्नी, मंत्र आणि विहित क्रिया यांना चालत नाही. सोम कोणती वनस्पती होती याविषयी आज एकमत नाही, तरी सोमयाग होत राहिले, यामागे हेच तत्त्व आहे. मेक्सिकोतील माझातेक वैदूही पवित्र अळंबी मिळत नाहीत त्या ऋतूत साल्व्हिया वर्गातील एका वनस्पतीची पाने घेतात. द्रव्य बदलते, पण रोग्यासाठी विचारलेला प्रश्न आणि तो विचारण्याची रीत टिकते.

उलट बाजूने, द्रव्य कायम राहून विधी नसला तर काय होते, हे लागवडीत दिसते. बीचे कठीण कवच किंचित खरवडून, बी रात्रभर पाण्यात भिजवून, निचऱ्याच्या जमिनीत भर उन्हात लावली आणि भक्कम मांडव दिला, तर उष्ण प्रदेशात ही वेल जोमाने वाढते. छाट-कलमानेही ती होते, मात्र कडाक्याची थंडी तिला सोसत नाही, आणि मूळ प्रदेशाबाहेर तण होऊन पसरण्याचा तिचा स्वभाव असल्यामुळे तिला आवरावे लागते. क्युबात हीच वेल नाताळच्या सुमारास फुलते आणि मधमाश्यांचा मोठा आधार ठरते; तिथे तिची ख्याती मधासाठी आहे, कौलासाठी नाही.

यावरून द्रव्य गौण ठरते असे नव्हे, कारण मीमांसाही विहित द्रव्य मिळत असताना पर्याय घेऊ देत नाही. ठरते ते एवढेच की द्रव्य विधीचे अंग असते, त्याचे मूळ नव्हे; आणि विधीला ‘अधिकार’, म्हणजे ते कर्म करण्याची पात्रता व त्यासोबत येणारे उत्तरदायित्व, लागते. ज्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीची चर्चा आहे, त्याचा मुख्य विषय अधिकार हाच आहे. नाहुआ घराण्याला टोपलीसोबत तो वारशाने मिळत असे. बी विकत घेऊन केवळ अनुभवासाठी चघळणाऱ्याला बुरशीचे रसायन मिळते, आणि बहुधा मळमळही. परंतु ज्याच्यासाठी कौल लावायचा तो रोगी आणि मिळालेल्या उत्तराची जबाबदारी त्याच्यापाशी नसल्यामुळे, त्याच्या हाती आलेली वस्तू वनस्पती म्हणून ओलोलिउकी असली तरी धर्म म्हणून ती ओलोलिउकी नव्हे.