जखम आणि अपराध

घरातील कर्ता पुरुष रात्री पिऊन येतो, मुलांवर विनाकारण खेकसतो आणि मग ओटीवर एकटाच बसून राहतो. 'स्वभावच तापट' असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या स्वभावाच्या तळाशी दहा वर्षांचे एखादे पोर अजून भेदरून उभे असेल, ही शंका आपल्या मनाला शिवत नाही.

बेदम मार, बापाच्या व्यसनापायी झालेली फरपट, विश्वासातल्या माणसाने केलेला लैंगिक अत्याचार ही दुःखे मुलग्यांच्या वाट्यालाही येतात. केंद्र शासनाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या, तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांची संख्या मुलींहून किंचित अधिकच होती. बालपणीचे आघात जितके अधिक, तितका पुढे नैराश्याचा, व्यसनाचा व आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका अधिक, हे अमेरिकेत डॉ. फेलिटी व डॉ. अँडा यांनी १९९८ साली दाखवून दिले.

अशा पुरुषाला आपण दोन उपदेश करतो. 'मर्दासारखा राहा' हा पहिला. 'क्षमा कर आणि विसरून जा' हा दुसरा. दुसरा अधिक अवघड, कारण तो श्रद्धेच्या भाषेत येतो. परंतु काय घडले हे ज्याला उच्चारताच आले नाही, त्याने नेमकी कशाची क्षमा करावी? सत्य सांगितले जाण्याआधीच मागितलेली क्षमा म्हणजे त्या मुलाच्या तोंडावर दुसऱ्यांदा ठेवलेला हात होय.

कित्येक जण हे ओझे प्रायश्चित्त संस्काराला घेऊन जातात. तेथे आपल्या पापांची क्षमा मिळते. पण जे पाप आपण केलेच नाही, त्याची क्षमा कशी मागणार? दुसऱ्याच्या अपराधाची लाज तो स्वतःचा अपराध म्हणून वाहत असतो. म्हणून मन हलके होत नाही.

येथे समुपदेशकाचे काम सुरू होते. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली या वाटचालीचे तीन टप्पे सांगितले: प्रथम सुरक्षितता, मग आठवण व शोक, आणि शेवटी माणसांशी पुन्हा जोडले जाणे. समुपदेशक घाई करीत नाही, निवाडा देत नाही. तो ऐकतो. ऐकता ऐकता जखम आणि अपराध यांची फारकत होते. जे सोसले त्याचा दोष त्या मुलाचा नव्हता. मात्र आज तो स्वतःच्या लेकरावर हात उगारत असेल, तर तो दोष त्याचाच आहे. खरे समुपदेशन त्याला पहिल्या ओझ्यातून सोडवते आणि दुसऱ्याची जबाबदारी घेण्याचे बळ देते.

जीवन नकोसे वाटू लागले, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात श्रद्धेची उणीव नाही. शासनाने २०२२ साली सुरू केलेली 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे.

पुनरुत्थित प्रभूने थोमाला आपल्या जखमा दाखवल्या. त्या त्याने झाकल्या नाहीत. आपल्या घरातला एखादा पुरुष उद्या चाचरत बोलू लागला, तर त्याला उपदेश करू नये. शेजारी बसावे आणि त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे.