हातमाग, हातभट्टी आणि ‘प्रेरणा’

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका वस्त्रदालनात काही महिन्यांपूर्वी एक सदरा पाहण्यात आला. फिकट मातकट रंगाच्या सुती कापडावर जाड, काटेरी पानांचे ठसे होते. सोबतच्या चिठ्ठीवर, मेक्सिकोतील एका हस्तनिर्मित मद्यापासून व त्याच्या वारशापासून हे वस्त्र ‘प्रेरित’ आहे आणि सुट्टीच्या निवांत दिवसांत ते परिधान करावे, अशा आशयाचा मजकूर होता. याच रस्त्याने पुढे धरणाच्या दिशेने गेले की द्राक्षमळे आणि वाइनगृहे लागतात. तेथे सुट्टी घालविणाऱ्यांसाठी हा सदरा असावा. माझ्यासोबत सुरगाण्याकडचा एक विद्यार्थी होता. तो म्हणाला, “सर, हे तर घायपात. आमच्याकडे बांधावर असतं.” मग चिठ्ठी वाचून थोड्या वेळाने म्हणाला, “आमच्या आजोबांना मोहाची दारू गाळली म्हणून धरून नेलं होतं.” या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, ते नैतिक आहे असे मला वाटते. प्रस्तुत निबंध त्या अंतराविषयी आहे.

‘प्रेरणा’ हा शब्द साहित्यविचाराला नवा नाही. प्रेरणा आणि प्रयोजन यांची जोडी आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. परंतु तेथे प्रेरणा ही निर्मात्याच्या मनातील घटना असते. ती जेथून आली त्या स्थळाला कोणताही अधिकार नसतो. ‘प्रेरित’ असे म्हणताच ऋण मान्य केल्यासारखे होते आणि त्याच क्षणी ते फिटल्यासारखेही होते. बाजाराने हा शब्द आपल्याकडून उचलला, तो बहुधा याच सोयीसाठी.

संस्कृत काव्यशास्त्र या बाबतीत अधिक सावध होते. ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात आनंदवर्धनाने दोन काव्यांमधील साम्याचे, त्याच्या शब्दांत ‘संवादा’चे, तीन प्रकार केले आहेत: प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि तुल्यदेही, म्हणजे दोन माणसे एकमेकांसारखी दिसावीत तसे. पहिल्याला स्वतःचा आत्माच नसतो, दुसऱ्याचा आत्मा तुच्छ असतो. तिसरे मात्र कवीने टाकू नये, कारण तेथे साम्य असूनही दोन स्वतंत्र जीव असतात. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या विवेचनाचा विस्तार करून शब्दहरण व अर्थहरण यांची सविस्तर चर्चा केली. या विवेचनात घेणाऱ्याच्या आत्म्याची चिकित्सा आहे. ज्याच्याकडून घेतले त्याच्या आत्म्याचे काय, हा प्रश्न मात्र तेथे उद्भवत नाही. कारण दोघेही कवी आहेत आणि एकाच सभेत बसणारे आहेत. आपल्यासमोरील प्रसंगात एक पक्ष सभेत आहे आणि दुसरा बांधावर.

आता त्या पानांकडे वळू. घायपात, ज्याला आपल्याकडे केकताडही म्हणतात, मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिकोत याच वंशातील वनस्पतींचे गाभे भाजून, आंबवून मेस्काल गाळतात. विशेष असे की तेथे ही वनस्पती आधी वस्त्रही होती. आस्तेक समाजात सुती कापड हा उच्चकुलीनांचा मान मानला जाई आणि सामान्यांनी घायपाताच्या धाग्याचे वस्त्र नेसावे असा दंडक होता, असे स्पॅनिश काळातील वृत्तान्त सांगतात. महाराष्ट्रात याच पानांचा वाख काढून मातंग समाजातील कारागिरांनी दोर वळले. म्हणजे हे पान दोन्ही खंडांत श्रमिकांच्या हातातून आणि अंगावरून गेलेले आहे. आज ते सुती सदऱ्यावर ठसा होऊन आले आहे. धागा गेला आणि चित्र उरले! आनंदवर्धनाच्या परिभाषेत हे आलेख्यवत् साम्य होय.

मेस्कालचा इतिहासही निष्पाप नाही. अठराव्या शतकात स्पॅनिश सत्तेने तेथील देशी मद्यांवर बंदी घातली होती. १९९४ साली मेस्कालला उत्पत्तिस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले आणि २०१६ च्या मानकाने त्याचे साधे, ‘हस्तनिर्मित’ व ‘पूर्वजांच्या पद्धतीचे’ असे तीन वर्ग ठरविले. तिसऱ्या वर्गासाठी मातीच्या भांड्यांतूनच ऊर्ध्वपातन व्हावे लागते. मात्र जो गाळणारा प्रमाणपत्राच्या व्यवस्थेबाहेर आहे, त्याला आपल्या बाटलीवर ‘मेस्काल’ हा शब्द लिहिता येत नाही. हाताला प्रतिष्ठा मिळाली. पण कोणत्या हाताला, हे कागदाने ठरविले.

येथे मराठी भाषाच आपल्याला एक धडा देते. हातमाग, हातसडीचा तांदूळ, हातकागद आणि हातभट्टी या चारही शब्दांत ‘हात’ एकच आहे. पहिल्या तिघांत तो मूल्यवाचक आहे, चौथ्यात गुन्हावाचक. मेक्सिकोतील मद्याचे जे विशेषण सदऱ्याच्या चिठ्ठीवर गौरवाने छापले आहे, त्याचा अगदी शब्दशः मराठी अनुवाद ‘हातभट्टीची’ असाच होईल, आणि तो कोणीही छापणार नाही. हा भेद वस्तूतून आलेला नाही, इतिहासातून आला आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातील मद्यनिर्मिती सरकारी नियंत्रणाखाली आणली. १८९२ साली खुद्द मोहफुलांवर कायदा झाला. आणि १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्याशिवाय दारू गाळणे हा आजही गुन्हा आहे. याच जिल्ह्यातील वाइनला मात्र २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने सवलती दिल्या. द्राक्ष आणि मोह यांतील अंतर वनस्पतिशास्त्राने ठरविलेले नाही, हे सांगावयास नको.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. हातभट्टीचा गौरव करणे म्हणजे उद्ध्वस्त घरांकडे पाठ फिरविणे नव्हे काय? २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे लोकांची, विशेषतः स्त्रियांची चळवळ होती. हा आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना त्याशिवाय माझे म्हणणे अपुरे राहील. मालवणीत माणसे मारली ती औद्योगिक मिथेनॉलने, हे खरे. पण मोहाची शुद्ध दारूही संसार मोडू शकते, हेही तितकेच खरे. म्हणून ‘हस्तनिर्मित’ म्हणजे निर्मळ, हे समीकरण चिठ्ठीवर जितके खोटे आहे तितकेच ते आपल्या देशीवादी हळहळीतही खोटे आहे. मोहाचा सदरा निघाला म्हणून आजोबांना न्याय मिळेल, असे नाही.

मग न्याय कशाने होईल? केवळ नामोल्लेखाने होत नाही, हे २०२५ ने दाखविले. जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्रादाने कोल्हापुरी चपलेसारख्या चपला मांडल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव नव्हते. टीका झाल्यावर ते आले. वास्तविक २०१९ सालीच महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी या चपलेला भौगोलिक निर्देशन मिळालेले होते. त्याच २०१९ मध्ये मेक्सिकोच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी कॅरोलिना हेरेरा या वस्त्रगृहाला पत्र लिहून, तेनांगोचे भरतकाम व साल्तियोचा सारापे सुट्टीतल्या वस्त्रांवर कोणत्या अधिकाराने आले, असे विचारले. पुढे २०२२ मध्ये तेथे कायदा झाला. त्याचे मर्म नामोल्लेखात नाही. समूहाच्या पूर्वसंमतीत आहे. संमतीला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा नकार देता येतो.

माझ्या मते तुल्यदेही या संज्ञेचा आजचा नैतिक अर्थ हाच आहे. समोरच्याला स्वतंत्र देह आहे, म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचे सामर्थ्य आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांचे नियमन वा बंदी करण्याचा अधिकार देण्याची तरतूद केली. ग्रामसभा मोहाची दारू राखील, किंवा तेथील स्त्रिया ती बंद करतील. दोन्ही निर्णय त्यांचेच असतील. आजोबांना धरून नेले तेव्हा हा निर्णय दुसऱ्याने घेतला होता, आणि उद्या मोहफुलाचा ठसा गंगापूर रोडवर आला तर तोही दुसऱ्यानेच घेतलेला असेल. शिक्षा आणि गौरव यांत फरक मोठा आहे. पण विचारले कोणीच नाही, हे दोन्हींत समान आहे.

हे सर्व लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. माझा पीएच.डी.चा प्रबंध लोकगीतांवर आहे. त्यातील पन्नासेक गीते एका वृद्ध बाईने दोन दिवस ओसरीवर बसून मला सांगितली. परिशिष्टात तिची नोंद ‘निवेदक क्र. ७’ अशी आहे. प्रस्तावनेत मी ऋणनिर्देश केला, आणि तो केल्याने ऋण फिटले असे मानले. प्रबंध छापावा का, असे तिला विचारण्याचे मला सुचले नाही; विचारले असते आणि ती नको म्हणाली असती, तर मी काय केले असते, हे सांगण्याचे धैर्य आजही माझ्याजवळ नाही. सदऱ्याच्या चिठ्ठीकडे बोट दाखविणे सोपे आहे. आपल्या विद्यापीठीय ग्रंथालयांत अशा चिठ्ठ्या लावलेले प्रबंध रांगेने उभे आहेत. प्रेरणेची चिकित्सा तेथून सुरू व्हावयास हवी.