इसार

किन्हवलीच्या बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानाने 2024 च्या आषाढात कुपनं काढली. 500 रुपयांच्या मालावर 50 रुपयांचं एक कुपन, दिवाळीच्या खरेदीत वळतं करून मिळेल. जवळच्या पाड्यावरची एक म्हातारी वर्षानुवर्षं याच दुकानातून तेल-साखर नेई. मिळेल ते कुपन ती देवाच्या फळीवर, हळदीच्या डबीखाली ठेवायची. वसुबारसेपर्यंत सहा जमली.

सहा कुपनांचे 300 रुपये. भातलावणीत दिवसभर चिखलात वाकून तिच्या हातावर साधारण तेवढेच पडत.

नवव्या इयत्तेतल्या नातीला घेऊन ती दुकानात गेली. रवा, साखर, मैदा, तेल काढून झालं, आणि तिने कुपनं पुढे केली.

“आजी, स्कीम बंद झाली,” शेठचा मुलगा म्हणाला.

“कधी?”

“अटी असतात त्याला.”

नातीने सहाही कुपनं उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती. शेठ गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होते, पण त्यांनी वहीतून मान वर केली नाही. मागे गिऱ्हाइकांची रांग ताटकळत होती. म्हातारीने मैदा आणि तेल परत ठेवलं, उरलेल्याचे पैसे मोजले आणि ती निघाली. चार लोकांदेखत पिशवीतून सामान काढून ठेवावं लागणं काय असतं, ते ज्याच्यावर आलं त्यालाच कळतं. 300 रुपयांहून ते जड असतं.

नातीने सुट्टीतच शाळेच्या बाईंना गाठलं. बाईंनी सांगितलं, की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याचं उत्तर आहे. भेट-बक्षीस देऊ करायचं आणि ते द्यायचा इरादाच ठेवायचा नाही, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही त्यातच येतं. 1915 या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते. पुढे जायचं तर ठाण्याला जिल्हा आयोग आहे, आणि एवढ्या रकमेला तिथे फी नाही. मात्र किन्हवलीहून आसनगाव, तिथून लोकलने ठाणे, म्हणजे दिवस मोडला.

“फोन करूच,” म्हातारी म्हणाली. “पण आधी शेठचं भात पोचतं करू.”

कारण तिकडे एक वेगळाच व्यवहार होऊन बसला होता. गणपतीत शेठ स्वतः तिच्या बांधावर आले होते. आठ क्विंटल भात, 1900 च्या भावाने. ठरलं, आणि त्यांनी तिच्या हातावर हजार रुपये इसार ठेवला. कागद नाही, सही नाही. इसार घेतला की माल दुसऱ्याला जात नाही, एवढंच. माझ्या मते कुपनही दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवलेला इसारच असतो, आणि तो तर छापलेला असतो.

भाऊबीज झाली, भात झोडून गोणी भरल्या, आणि दुसरा व्यापारी टेम्पो घेऊन दारात आला. भाव 2100. सरकारी आधारभाव त्या हंगामात 2300 होता, पण त्यासाठी खरेदी केंद्राची आणि मग पैशांची वाट बघावी लागते. इथे पैसे रोख होते.

“देऊन टाक,” मुलगा म्हणाला. “शेठने आपल्याला दिलेला शब्द पाळला का? त्याचे हजार त्याला परत करू.”

“त्याने पाळला नाही, ते त्याच्याकडे. इसार मी घेतलाय.”

1600 रुपयांचं नुकसान पदरात घेऊन गोणी किन्हवलीला गेल्या. बाजारभाव शेठनाही ठाऊक होता. गोणी उतरताना पाहून ते गल्ल्यावरून उठून बाहेर आले. एकेक गोणी इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढली. इसार वजा जाता 14,200 रुपये झाले. म्हातारीने ते नातीकडून दोनदा मोजून घेतले आणि कनवटीला लावले. मग तिने पदराची गाठ सोडली आणि सहा कुपनं रिकाम्या काट्यावर ठेवली.

“शेठ, एवढं पण मोजून घ्या.”

काट्यावरचा आकडा हलला नाही. शेठ बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी कुपनं एकेक करून उचलली.

“आजीचा मैदा आणि तेल काढ,” ते मुलाला म्हणाले. “आणि त्या दिवशी कोण कोण परत गेलं, ते आठव.”